उजवीकडून झिजलेला टायर

१

एप्रिलचा दुसरा आठवडा आला, रस्त्यावरचं हिवाळ्यातलं मीठ धुऊन निघालं, की ऑरिन स्कोगस्टाडच्या शेडसमोर मोटरसायकली येऊन उभ्या राहायच्या. सगळ्या जडच्या जड. आठशे-नऊशे पौंडांची धुडं, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे बसणाऱ्याला टेकायला गादी. विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात पाच महिने या गाड्या ताडपत्रीखाली निजून असतात. पहिलं बरं ऊन पडलं की सगळ्या मालकांना एकाच दिवशी आठवतं, अरेच्चा, टायर बदलायचे राहिले!

ऑरिन चौसष्ट वर्षांचा. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात तो आणि मुलगी सिग्ने. तीस वर्षं त्यानं दुसरा धंदा केला नव्हता. टायर उतरवायचे, टायर चढवायचे. त्याला एक खोड मात्र होती. जुना टायर उतरला की तो मांडीवर घ्यायचा, त्यावरून तळवा फिरवायचा आणि मालकाला त्याचं वर्षभराचं चरित्र ऐकवायचा.

"डेलबर्ट, तुझा टायर मधोमध गोटा झालाय आणि कडा कोऱ्या करकरीत," तो त्या दिवशी म्हणाला. डेलबर्ट क्वाम म्हणजे गावातल्या मोटरसायकल क्लबाचा म्होरक्या, पोटानं आणि आवाजानंही मोठा. "म्हणजे तू सरळ हायवे सोडून कुठं जात नाहीस. वळण आलं की तुझी फाटते. आणि क्लबात पोरांना वळणं कशी घ्यायची ते शिकवतोस!"

"तू टायर बघतोस की हात बघतोस रे?" डेलबर्ट खो खो हसला. मग आवाज जरा उतरवून म्हणाला, "शनिवारी आपल्या वेडच्या आठवणीची फेरी आहे. सिग्नेच पुढे असणार ना, दरवर्षीसारखी?"

"तिची गाडी आज घेतोय हातात. दोन्ही टायर बदलतो."

"आपल्या पोरीची गाडी सगळ्यात शेवटी! व्वा रे बाप."

डेलबर्ट गेल्यावर ऑरिननं हात पुसले. वेड त्याचा जावई. तीन वर्षांपूर्वी एप्रिलातच गेला होता. चर्चजवळच्या टेकडीवर भर दुपारी, लख्ख उन्हात, तो स्वतःची लेन सोडून पलीकडे गेला आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळला. शेरीफच्या कागदात एवढंच लिहिलं होतं: लेन सोडली. का सोडली, ते कुणालाच कळलं नाही.

२

सिग्नेची गाडी त्यानं जॅकवर उचलली. मागचं चाक मोकळं व्हायच्या आधीच त्याला काहीतरी खटकलं. तो खाली वाकून मागून बघत राहिला.

टायर उजवीकडून झिजला होता.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण ऑरिनला ठाऊक होतं, त्या देशात गाड्या उजव्या बाजूनं चालतात आणि रस्ता मधे उंच, कडेला उतरता असतो. उजव्या उतारावरून चालणारी मोटरसायकल सरळ उभी ठेवली, की टायरचा डावा भाग रस्त्याला जास्त लागतो. म्हणून तिकडचे सगळे टायर थोडे डावीकडून झिजतात. कुणाचा जास्त, कुणाचा कमी, पण डावीकडूनच. तीस वर्षांत त्याच्या हाताखालून हजारो टायर गेले असतील. उजवीकडून झिजलेला त्यानं एकही पाहिला नव्हता. असा टायर झिजायचा, तर माणसानं हजारो मैल उलट्या बाजूनं गाडी चालवायला हवी.

"छे, छे," तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. शेडमध्ये कुणी नव्हतं. कॉम्प्रेसर तेवढा थांबून थांबून धापा टाकत होता.

आधी त्यानं स्वतःवर संशय घेतला. त्यालाही वयाप्रमाणे विसरायला होत होतं. मागच्या वर्षी टायर उलटा तर नाही ना चढवला आपण? टायरच्या अंगावर बाण असतो, चाक ज्या दिशेनं फिरायचं ती दिशा दाखवणारा. त्यानं बाण पाहिला. बाण बरोबर होता. आणि बाण चुकला असता तरी काय? टायर गाडीवर असताना उजवी बाजू ती उजवीच.

मग त्यानं गाडीवर संशय घेतला. दोऱ्या ताणून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहे का ते तपासलं. केसाएवढाही फरक नव्हता. पेट्या उघडल्या. उजवीकडे रेनकोट, डावीकडे पान्यांची पिशवी. वजन असलंच तर डावीकडे जास्त. पुढचा टायर पाहिला. तोही उजवीकडून गेलेला, मागच्याइतका नाही, पण उजवीकडूनच.

ऑरिन स्टुलावर बसला. त्याच्या डोक्यात आता एकच सरळ उत्तर उरलं होतं आणि ते त्याला नको होतं. आपली पोर मरायला निघालीये, गेला अख्खा मोसम रोज निघालीये, आणि आपल्याला पत्ता नाही.

३

सिग्ने हॉस्पिटलातून चारला आली. ती तिथे नर्स होती. आल्या आल्या तिनं कॉफी ओतून घेतली आणि शेडच्या दारात टेकून उभी राहिली.

"झाली का गाडी?"

"बस जरा."

"काय झालं? तुझा चेहरा असा का?"

ऑरिननं टायर तिच्यापुढे धरला. लहानपणापासून ती याच शेडमध्ये वाढली होती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं टायरवरून हात फिरवला, परत फिरवला आणि हसली. "तू उलटा बघतोयस, बाबा."

"चाक गाडीवर असताना पाहिलंय मी. सिग्ने, खरं सांग. तू पलीकडच्या लेननं गाडी चालवतेस?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मी रागावणार नाही."

"अरे, पण मी कशाला चालवेन? रोज पंधरा मैल जाते, पंधरा येते. पलीकडून गेले असते तर पहिल्याच दिवशी मेले असते ना!" मग ती कपातल्या कॉफीकडे बघत म्हणाली, "मी माझ्या लेनमध्येच असते. फक्त जरा डावीकडे. त्याची जागा सोडून."

क्लबाची रीत ऑरिनला माहीत होती. कुणी गेला की त्याच्या नावानं दरवर्षी फेरी निघते. दोन-दोनांच्या जोड्यांनी गाड्या चालतात आणि सगळ्यात पुढच्या माणसाच्या उजव्या हाताची जागा मोकळी ठेवतात. ती गेलेल्याची. पन्नास मैल कुणी त्या जागेत शिरत नाही. वेडच्या फेरीत सिग्ने पुढे असायची, उजवीकडे मोकळा रस्ता ठेवून.

"ते फेरीत," ऑरिन म्हणाला. "रोज एकटी जातानासुद्धा?"

"रोज." तिनं मान वर केली. "सवय झालीये. आणि मला बरं वाटतं, बाबा. तुला काय त्याचं?"

"किती जागा सोडतेस?"

"मोटरसायकलला लागते तेवढी."

ती आत गेली. ऑरिन टायर परत मांडीवर घेऊन बसला. पोरगी खोटं बोलत नव्हती. ती लहानपणी खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे, अजूनही व्हायचे. आता ते लाल झाले नव्हते.

४

शेडच्या मागच्या भिंतीला, वर खुंटीवर, पोत्यात गुंडाळलेलं एक चाक होतं. तीन वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

ते वेडच्या गाडीचं मागचं चाक. अपघातानंतर गाडी भंगारात गेली, पण ऑरिननं शेरीफला गळ घालून एवढं एक चाक मागून आणलं होतं. कारण वेडचा तो टायर अपघाताच्या तीनच आठवडे आधी त्यानं चढवला होता. स्वतःच्या हातानं. लोक म्हणाले वेडला डुलकी लागली, कुणी म्हणालं प्यायला असेल. ऑरिनच्या मनात एकच होतं: टायर रिमवर नीट बसला नसेल तर? आपल्या हातून चूक झाली असेल तर? ते बघायला म्हणून त्यानं चाक आणलं आणि बघायची हिंमतच झाली नाही. पोरीच्या नवऱ्याला आपण मारलं असेल, हे कुठल्या बापाला बघवेल?

बुधवारी सकाळी सिग्ने कामावर गेल्यावर त्यानं शिडी लावून चाक खाली काढलं. पोतं सोडवलं.

टायर रिमवर चोख बसलेला होता. कडेची रेघ सगळीकडून सारखी. बाण बरोबर. हवेची नळी शाबूत. ऑरिनच्या छातीवरून तीन वर्षांचं ओझं उतरलं आणि त्याला तिथल्या तिथे रडू फुटलं. "देवा, माझी चूक नव्हती रे," तो म्हणाला.

मग डोळे पुसून त्यानं चाक उजेडात फिरवलं.

नव्या टायरच्या अंगावर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात आणि एक तुकतुकीत चमक असते. जिथे टायर रस्त्याला लागतो तिथली चमक पहिल्या काही मैलांतच जाते. जिथे लागत नाही तिथे केस महिनोन्महिने तसेच राहतात. वेडच्या टायरला डावीकडे केस होते. अगदी मधल्या रेघेपर्यंत, दाट, आजच साच्यातून काढल्यासारखे. उजवी बाजू खरवडून मळकी झाली होती.

म्हणजे एक दिवस नाही. तीन आठवडे. वेड रोज पलीकडून जात होता आणि त्यालाही ते कळत नव्हतं.

ऑरिननं आठवून पाहिलं. त्या वर्षी एप्रिलात कुणाची फेरी होती? म्हाताऱ्या हार्लनची. वेडला गाडी शिकवणारा हार्लन. आणि पुढे कोण होतं? वेडच होता. उजवीकडे जागा सोडून.

५

माणसाचं डोकं असं असतं की डोळ्यांनी दिसलं तरी ते दुसरी वाट शोधतं. ऑरिननंही शोधली. त्यानं ठरवलं, नवे टायर चढवायचे आणि आपण स्वतः चालवून बघायचं. आपण तर कुणाला जागा सोडत नाही.

टायर निवडायला त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मऊ रबराचे टायर वळणावर धरून ठेवतात पण लवकर झिजतात. टणक रबराचे टिकतात पण ओल्यात दगा देतात. त्यानं मऊ घेतले, सगळ्यात जास्त वजन पेलणारे, कारखान्यातून निघून दोनच महिने झालेले. साबणाचं पाणी लावलं, लिव्हरनं एकेक वीत कड रिमच्या आत सारली आणि हवा भरली. फट्ट. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं फट्ट. टायर बसला की हा आवाज येतो आणि ऑरिनला तो आयुष्यभर आवडत आला होता. मग चाक घोड्यावर, म्हणजे ते मोकळं फिरेल अशा स्टँडवर ठेवून तोललं. जिथे जड तिथे खाली येतं, त्याच्या समोरच्या बाजूला शिशाची पट्टी चिकटवायची. कुठेही सोडलं तरी चाक जागच्या जागी थांबेपर्यंत त्यानं ते केलं.

गुरुवारी दुपारी बाराला तो गाडी घेऊन निघाला. स्वच्छ ऊन होतं. शेतांत अजून मक्याचे जुने बुडखे उभे होते. नव्या टायरची चमक निघेपर्यंत गाडी घसरते, म्हणून तो हळू चालला होता आणि सगळं लक्ष त्यानं रस्त्याच्या मधल्या पिवळ्या रेघेवर ठेवलं होतं. रेघ डाव्या हाताला. चाळीस मैल ती डाव्याच हाताला होती. तो तोंडानं म्हणतही होता, "डावीकडे पिवळी. डावीकडे पिवळी." उजवीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. नुसतं वाटत होतं की नको बघायला.

चर्चच्या टेकडीवर समोरून दुधाचा टँकर आला. तो व्हर्लिनचा होता, शेतांवरून दूध गोळा करणाऱ्या जुन्या दोस्ताचा. टँकर अचानक पलीकडच्या कडेला वळला, दोन चाकं गवतात घातली, धूळ उडवत ऑरिनच्या डावीकडून निघून गेला. ऑरिनला वाटलं, हा काय भर दुपारी पिऊन चालवतोय का?

घरी येऊन त्यानं गाडी स्टँडला लावली आणि आधी टायर न बघता दोन ग्लास पाणी प्यायला. मग बाहेर आला. गुडघे टेकून वाकला.

डावीकडचे केस सगळे तसेच होते. उजवी बाजू खरवडून मळकी झाली होती.

तो अजून तसाच गुडघ्यांवर असताना टँकर अंगणात शिरला. व्हर्लिन दार आपटून खाली उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मरायचंय का रे तुला, मूर्खा? म्हातारचळ लागलाय का? माझ्या लेनमधून सरळ माझ्या अंगावर! मी हॉर्न मारतोय मारतोय आणि तू आपला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत येतोयस!"

"मी माझ्या बाजूला होतो, व्हर्लिन."

"तुझ्या बाजूला? माझी दोन चाकं खड्ड्यात गेली ती काय हौसेनं? अरे, तुला चुकवून पलीकडून काढला असता टँकर, तर तीही बाजू अडवलेली!"

"कुणी?"

"कुणी म्हणजे? तुझ्या जोडीदारानं. तो मात्र आपल्या लेनमधून नीट चालला होता, अगदी तुझ्या बरोबरीनं. त्याच्याकडून शीक जरा." व्हर्लिननं अंगणात इकडेतिकडे पाहिलं. "गेला कुठे तो?"

६

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना ऑरिननं सगळं सांगितलं. वेडच्या टायरचं, व्हर्लिनचं, सगळं. 

सिग्ने बटाटे काट्यानं कुस्करत ऐकत होती. तिला भीती वाटेल, ती रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा मात्र उजळला. तेवढ्यानं ऑरिन जास्तच घाबरला.

"म्हणजे व्हर्लिननं त्याला पाहिलं," ती म्हणाली.

"कुणाला तरी पाहिलं. कोण ते त्यालाही माहीत नाही."

"कसा दिसत होता?"

"सिग्ने! तू उद्या जायचं नाहीस."

"मी पुढे असणार. चाळीस गाड्या येतायत."

"मग जागा सोडू नकोस. लेनच्या मधून चालव, उजवीकडून चालव. एवढं तरी ऐक माझं. पोरी, मी तुझ्या पाया पडतो."

तिनं काटा खाली ठेवला. "तीन वर्षं लोक मला सांगतायत, विसर. नवीन माणूस बघ. त्याची गाडी गेली, कपडे दिले, घरही सोडून मी तुझ्याकडे आले. ती एक जागा आहे, बाबा. तेवढी मी धरून ठेवलीये. ती सोडली की तो गेला. मला नाही जमणार."

"आणि तू गेलीस म्हणजे मी काय करू?"

 तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि ताटं उचलली.

शनिवारी उजाडताच ऑरिन शेडमध्ये गेला. तीस वर्षांत त्यानं चांगल्या टायरला पातं लावलं नव्हतं. कुणी निष्काळजीपणानं ओरखडा काढला तरी तो शिव्या द्यायचा. त्यानं सुरी घेतली, आधी मागच्या आणि मग पुढच्या टायरच्या अंगात मुठीपर्यंत खुपसून खाली ओढली. हवा सुस्कारत गेली. गाडी हळूहळू खाली बसली. त्याला फार वाईट वाटलं आणि फार हलकंही वाटलं.

७

सिग्ने ओरडली नाही. शेडच्या दारात उभी राहून तिनं टायरांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "मी तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली, "पण मला टेकडीवर पोचव. सगळे तिथे थांबून प्रार्थना करतात. तेवढं तरी."

तेवढं नाही म्हणायला ऑरिनला तोंड नव्हतं. डेलबर्टला पुढे व्हायला सांगून त्यांनी पिकअप काढला. जुना पिकअप, पुढे एकच लांब सीट, तिघांना पुरेल अशी. निघायला उशीर झाला होता. फेरी केव्हाच पुढे गेली होती आणि रस्ता मोकळा होता.

चार चाकं आहेत, ऑरिन मनाशी म्हणत होता, दारं आहेत, पट्टे आहेत. डावीकडे पिवळी रेघ दिसत होती. पोरगी शेजारी जिवंत बसली होती. रागावू दे. वर्षभर न बोलू दे. त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती दाराला अगदी चिकटून बसली होती. खांदा काचेला दाबला गेला होता.

"इतकी कडेला का बसलीस? सरक ना इकडे."

"कुठे सरकू?" सिग्ने त्याच्याकडे न बघता म्हणाली.

ऑरिननं खाली पाहिलं. त्याची स्वतःची डावी मांडी दाराच्या मुठीवर घासत होती. घरून निघाल्यापासून तो असाच आक्रसून बसला होता आणि त्याला ते आत्ता जाणवलं. मधे सीट रिकामी होती.

त्यानं गाडी कडेला घेतली. हळू, आरसा बघून, सावकाश. इंजिन बंद केलं. "उतर," तो म्हणाला. "आपण चालत जाऊ." त्यानं दार उघडून पाय खाली टाकला आणि पाय ओल्या गवतात घोट्यापर्यंत गेला.

 तिकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो. गाडी उजव्या कडेला लावली की त्याच्या दाराखाली रस्ता यायला हवा. गवत बसणाऱ्याच्या बाजूला. त्याच्या पायाखाली गवत होतं, समोर कुंपणाची तार होती. आणि सिग्नेचं दार रस्त्यावर उघडत होतं.

तिनं ते उघडलं होतं. एक पाय डांबरावर होता. समोरच्या चढावरून लाकडं भरलेला ट्रक उतरत होता, त्याच लेनमधून.

"सिग्ने!"

ऑरिननं सीटवर झेप घेतली. मधल्या जागेवर त्याचा तळवा टेकला. सीट तिथे दबलेली होती आणि उबदार होती. तरी त्यानं हात पुढे रेटला, तिच्या जॅकेटची डावी बाही मुठीत धरली आणि जिवाच्या आकांतानं ओढली. ती येईना. एवढीशी पोर, आणि नऊशे पौंडांची गाडी ओढावी तशी जड. त्यानं पाय गवतात रोवले, दोन्ही हातांनी धरलं, ओरडत ओढलं. कुठेतरी शिवण उसवली. ती एकदम सुटून त्याच्या अंगावर आली आणि दोघं उलटे गवतात पडले. ट्रक दार घेऊन गेला. पत्र्याचा आवाज लांबवर फरफटत गेला, मग ब्रेक किंचाळले, मग सगळं शांत झालं.

सिग्ने जिवंत होती. तिच्या कपाळाला खरचटलं होतं, बस. तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसाहमशी रडायला लागली. तीन वर्षांत ती अशी रडली नव्हती. ऑरिनही रडला. "आलीस ना, आलीस ना माझ्याकडे," एवढंच तो म्हणत राहिला. लांबून ट्रकवाला धावत येत होता.

रडणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि आपला उजवा हात वर धरून पाहिला. त्या बाजूची बाही खांद्यापासून निघून गेली होती. मनगटावर बोटं उमटली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तू हा डावा हात धरला होतास ना?"

"हो."

"मग तो माझा हा उजवा हात सोडत का नव्हता?"